करंटबाईंची ताई

आमच्या इस्पितळाच्या जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्याच्या टोकाला दोन खोल्या होत्या. एकीत मी लोकांचे कान तपासायचो, दुसरीत करंटबाई लोकांच्या नसा तपासायच्या. मधे फळ्यांची भिंत. त्यामुळे त्यांच्याकडे कोण ओरडलं, कोण रडलं, कोण देवाचं नाव घेतंय, हे सगळं मला कळायचं. आणि माझ्याकडे एखाद्या आजोबांशी मी घसा ताणून बोलत असलो की त्या भिंतीवर टकटक करायच्या. म्हणजे, हळू, माझा पेशंट दचकतोय.

करंटबाई हे नाव पेशंटांनी पाडलं आणि मग सगळ्यांनीच उचललं. पेशंटला खाटेवर आडवं करायचं, अंगठ्याच्या बुडाशी जो मांसल उंचवटा असतो तिथे एक चकती चिकटवायची, मनगटावर दोन टोकांचं हत्यार टेकवायचं आणि बटण दाबायचं. अंगठा टुणकन उडायचा आणि पडद्यावर एक टेकडी उमटायची. मग तोच झटका कोपरापाशी. दोन जागांमधलं अंतर टेपने मोजायचं, दोन टेकड्यांच्या वेळेतला फरक बघायचा, की नस निरोप किती वेगाने नेते ते कळायचं. हात, पाय, पुन्हा हात. दिवसभर हेच. उन्हाळ्यातसुद्धा पंखा बंद, कारण पंख्याची मोटर चालू असली की पडद्यावरची रेघ थरथरते. संध्याकाळी त्या खोलीतून बाहेर पडायच्या तेव्हा त्यांच्या कपाळाला केस चिकटलेले असायचे आणि बोलायचंही त्राण नसायचं.

घाबरणाऱ्यांना त्या कधी ‘दुखणार नाही’ असं म्हणाल्या नाहीत. ‘दुखेल थोडं. टिचकी मारल्यासारखं. सवय होते,’ म्हणायच्या. हात गार असतील तर आधी कोमट पाण्याच्या घमेल्यात बुडवून ठेवायच्या. गार नस सुस्तावते, निरोप रेंगाळतो आणि चांगला माणूस उगाच आजारी ठरतो. किती तरी लोकांना आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी असे हात शेकून दिले असतील. ते मग त्या पाण्यात हात ठेवून भलभलतं बोलत बसायचे, आणि करंटबाई ‘हं, हं’ करत चकत्या पुसत राहायच्या.

शेवटी प्रत्येक जण विचारायचा, ‘काय निघालं?’ आणि त्या म्हणायच्या, ‘डॉक्टर सांगतील.’ नियमच तसा होता. चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही हेही त्यांनी शिकून घेतलं होतं. वाईट निघालं तर मात्र पेशंट गेल्यावर त्या घमेलं घेऊन मोरीकडे जायच्या आणि जरा जास्त वेळ लावायच्या. मला पलीकडून पाण्याचा आवाज यायचा.

त्यांची ताई त्याच इस्पितळाच्या तळघरात, लाँड्रीत होत्या. आई लवकर गेली. वडील होते, पण असून नसल्यासारखे. ताईंनी शाळा सोडून लाँड्रीत काम धरलं आणि धाकटीला शिकवलं. लग्न झालं होतं, ते टिकलं नाही. त्यावर ताई इतकंच म्हणायच्या, ‘तो बरा माणूस होता, फक्त घरी नसताना.’ धाकटीच्या लग्नाचं तर राहूनच गेलं. दोघी इस्पितळामागच्या गल्लीत तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत राहायच्या. करंटबाईंचे केस पिकायला लागले तरी ताई त्यांना ‘चिमणी’च म्हणायच्या, आणि तेही जिन्यातून, सगळ्यांसमोर.

लाँड्रीत धुऊन वाळलेल्या चादरींच्या घड्या दोघींनी मिळून करायच्या असतात. समोरासमोर उभं राहायचं, चार कोपरे चार हातांत, एक हिसका, मग पुढे येऊन कोपऱ्याला कोपरा. ताईंच्या समोर वर्षानुवर्षं एकच बाई उभी असायची. तिला सगळे मावशी म्हणत. त्या दोघींचं तोंड एकीकडे आणि हात एकीकडे चालायचे. तर एक दिवस हिसका दिला आणि ताईंच्या उजव्या हातातून कोपरा सुटला. मावशी म्हणाली, ‘झोप झाली नाही का?’ ताई म्हणाल्या, ‘चादरच गुळगुळीत आहे मेली.’ दुसऱ्या दिवशी पुन्हा सुटला. मग घराच्या कुलपात किल्ली फिरेना. ताईंनी कुलपात तेल सोडलं. मग म्हणाल्या, किल्लीच झिजली आहे. कुलूप दोनदा बदललं, तेव्हा करंटबाईंना वाटलं, ताई हट्टाला पेटल्यात. त्यांच्या डोक्यात दुसरं काही आलं नाही. दिवसभर दुसऱ्यांचे हात बघून घरी आलेल्या माणसाला आपल्या माणसाचे हात दिसत नाहीत, असं त्या मला पुढे म्हणाल्या.

मग एका सुट्टीच्या दिवशी सकाळी ताई खिडकीत बसून केस विंचरत होत्या. हाक मारून म्हणाल्या, ‘चिमणे, इकडे ये, गंमत बघ. माझी बेटकुळी आपोआप नाचते.’

करंटबाई गेल्या. दंडाच्या कातडीखाली बारीक बारीक लहरी उठत होत्या, पाण्याखाली मासे फिरावेत तशा. ताई हात अगदी सैल सोडून बसल्या होत्या, तरी थांबत नव्हत्या. करंटबाईंची नजर खाली सरकली, हातावर गेली. अंगठ्याच्या बुडाशी जिथे मांसल उंचवटा हवा, तिथे खळगा पडला होता.

‘हे कधीपासून?’

‘काय?’

‘हा हात.’

‘म्हातारपण आहे गं. मासळीसारखी का बघतेस?’

त्यांनी कंगवा ताईंच्या हातून घेतला आणि केस स्वतः विंचरून दिले.

डॉक्टरांनी तपासून चाचणी लिहून दिली. आमच्याकडे ती चाचणी करणाऱ्या त्या एकट्याच. डॉक्टर म्हणाले, ‘दुसऱ्या इस्पितळात करून घेऊ या. तुम्ही कशाला?’ ताईच म्हणाल्या, ‘परक्याकडून करंट कशाला घ्यायचा? घरचा आहे की.’

मी त्या दिवशी पलीकडे होतो. माझ्याकडे गर्दी नव्हती. कोमट पाण्याचं घमेलं ठेवल्याचा आवाज आला आणि मग ताईंचा मोकळा, लाँड्रीतल्या सवयीचा मोठा आवाज.

‘इतकी वर्षं तू इथे काय करतेस ते कधी विचारलंच नाही बघ. घरी येतेस, जेवतेस, झोपतेस. ही वीज माझ्या अंगात आधीपासून असते का तू घालतेस?’

‘तुझ्या अंगात असते. मी फक्त डिवचते.’

‘तारेतल्यासारखी?’

‘नाही. तारेतली वीज सरळ धावते. ही दारं उघडत जाते.’ करंटबाई हे रोज कुणाला ना कुणाला सांगायच्या, मला पाठ झालं होतं. पण त्या दिवशी त्या सावकाश सांगत होत्या. ‘नस म्हणजे पेशीचं लांबच लांब शेपूट. पेशी पाठीच्या कण्यात बसलेली आणि शेपूट पार बोटापर्यंत. एकाच पेशीचं, मधे जोड नाही. त्याच्या सालीला बारीक दारं असतात. निरोप आला की एक दार उघडतं, बाहेरचं मीठ आत घुसतं. त्याच्या धक्क्याने पुढचं दार उघडतं, मग त्याच्या पुढचं. मागची दारं लगेच बंद होतात आणि थोडा वेळ उघडतच नाहीत. म्हणून निरोप पुढेच जातो, उलटा फिरत नाही.’

‘आणि एवढी दारं उघडत बसलं तर हात हलायला संध्याकाळ होईल की.’

‘म्हणून वरून चरबीचं वेष्टण असतं. तुकड्या-तुकड्यांचं. मधे मधे फटी. निरोप फटीतून फटीत उडी मारतो. सेकंदाला पन्नास-साठ मीटर.’

‘बापरे. मी तर जिना चढायला पंधरा मिनिटं घेते.’

मग बटणाचा टक् आवाज. पुन्हा टक्. ताई दरवेळी ‘अगं आई’ म्हणायच्या, फार दुखत होतं म्हणून नव्हे, पद्धत म्हणून. पुष्कळ वेळाने ताई म्हणाल्या, ‘पास की नापास?’

‘डॉक्टर सांगतील.’

‘डॉक्टर बाहेरच्यांना सांगतील. मी घरची आहे.’

मग मला मोरीतल्या पाण्याचा आवाज आला.

त्यांनी काय पाहिलं होतं ते त्यांनी मला नंतर सांगितलं. स्पर्शाच्या नसा उत्तम होत्या, एखाद्या तरुण मुलीसारख्या. वेगही जवळजवळ ठीक. म्हणजे वेष्टण शाबूत. बिघडली होती ती टेकड्यांची उंची. निरोप वेळेवर पोहोचत होता, पण घेऊन येणारेच थोडे उरले होते. कण्यातल्या ज्या पेशी स्नायूंना हलवतात, त्या एकामागून एक संपत होत्या.

त्यानंतर डॉक्टर आले. या चाचणीचा दुसरा भाग डॉक्टरच करतात. बारीक सुई स्नायूत घालतात आणि यंत्राचा स्पीकर लावतात. सैल सोडलेला निरोगी स्नायू गप्प असतो, काहीच आवाज येत नाही. भिंतीपलीकडून मला तडतड ऐकू आली, तापलेल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखी. दंडातून आली, मग पोटरीतून, मग पाठीतून. तो आवाज मी त्यापूर्वीही ऐकला होता आणि माझं काम करत राहिलो होतो. त्या दिवशी मी उठून बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो.

घरी जाताना ताईंनी वाटेत काही विचारलं नाही. तिसरा मजला चढून झाला, पाणी पिऊन झालं, मग त्या पलंगावर बसल्या आणि म्हणाल्या, ‘आता बोल. इथे नियम नाहीत.’

करंटबाई खाली जमिनीवर बसल्या आणि बोलल्या. मोटर न्यूरॉनचा आजार. मेंदूतून निघालेला निरोप दोघींच्या हातून जातो. एक पेशी मेंदूतली, दुसरी कण्यातली. दोघींच्या मधे फट असते आणि त्या फटीत दारांचा खेळ थांबतो. पहिली पेशी फटीत रसायनाच्या इवल्या पुड्या सोडते, पलीकडची ते उचलते आणि पुढे धावते. स्नायूपाशी पोहोचल्यावर पुन्हा तशीच फट आणि तशाच पुड्या. या दोन्ही पेशी मरायला लागल्या की स्नायू वाट बघत बसतो. निरोप आला नाही की स्वतःशीच फडफडतो, मग वाळतो. त्यावर औषध आहे, पण ते फक्त थोडा वेळ वाढवतं.

‘मग अजून माझा डावा हात कसा चालतो?’

‘एक पेशी मेली की तिचे स्नायूचे धागे उघडे पडतात. शेजारची पेशी स्वतःला फांद्या फोडते आणि ते धागे सांभाळायला घेते. स्वतःचं सांभाळून वर त्यांचंही. म्हणून बरेच दिवस बाहेर काही कळत नाही.’

‘आणि मग?’

‘मग तीही थकते.’

ताईंनी उजवा हात डाव्या हाताने उचलून मांडीवर ठेवला. मग म्हणाल्या, ‘मावशीला सांगायला हवं. ती एकटी चादर झटकत बसेल.’ आणि उठून गॅस पेटवायला गेल्या. लायटर दाबला जाईना. करंटबाई उठायला लागल्या तर म्हणाल्या, ‘बस. जमेल.’ डाव्या हाताने पेटवला.

ताईंनी जमेल तितके दिवस काम केलं. चादरी सुटल्यावर उशांचे अभ्रे मोजले, तेही सुटल्यावर नुसत्या स्टुलावर बसून मावशीला सूचना दिल्या. लाँड्रीच्या मुकादमाने काही म्हटलं नाही. मग जिना चढवेना. एकदा उतरल्या की पुन्हा वर आणायला चार माणसं लागायची, म्हणून त्या उतरायच्याच बंद झाल्या. तिसरा मजला हेच त्यांचं जग झालं.

करंटबाईंचे ते दिवस मी रोज बघत होतो. सकाळी ताईंना उठवून, पुसून, भरवून त्या कामावर यायच्या. मधल्या वेळात खालच्या मजल्यावरची बाई लक्ष ठेवायची. दुपारी मावशी आपली पाळी संपवून ताईंजवळ जायची. करंटबाई संध्याकाळी जाऊन तिला सोडवायच्या. रजा होती तेवढी थोडी थोडी करून घेतली. कामावर त्या चुकल्या नाहीत, पण कधीकधी बटणावर बोट ठेवून थांबायच्या, आणि पेशंट विचारायचा, ‘बाई, झालं का?’ मी डबा खायला बोलवायचो. त्या यायच्या, दोन घास खायच्या आणि डबा बंद करायच्या. एकदा म्हणाल्या, ‘मी दमले असं म्हणायचीही लाज वाटते हो. दमायला तरी माझे हात चालतात.’

मी लोणच्याची बाटली पुढे केली.

या आजारात एक गोष्ट फार वाईट आहे, ती बाहेरच्या माणसाला सुचत नाही. हलवणाऱ्या नसा जातात, पण स्पर्शाच्या जात नाहीत. त्या वेगळ्या पेशी, त्यांचा रस्ता उलटा, कातडीकडून मेंदूकडे, आणि त्या शेवटपर्यंत चोख काम करतात. ताईंना गालावर बसलेली माशी कळायची, तिचे पाय कळायचे, पण हाकलता यायची नाही. चादरीची चुणी पाठीला रुतायची. आणि खाज. करंटबाई म्हणायच्या, सगळी सेवा एका बाजूला आणि खाजवणं एका बाजूला. ताईंची जीभ जड झाली, बोलणं फक्त बहिणीला आणि मावशीला कळायला लागलं, आणि मग त्यांनाही कळेना. तेव्हा करंटबाईंनी एक रीत बसवली. डोक्यापासून सुरू करायचं. डोकं? नाक? कान? मान? बरोबर जागा आली की ताई डोळे वर करायच्या. डोळे हलवणाऱ्या नसांना हा आजार सहसा हात लावत नाही. नाही म्हणायचं असलं की डोळे डावीकडे. शब्द सांगायचा असला तर मोठ्या पुठ्ठ्यावर अक्षरं लिहिली होती, त्यांवरून बोट फिरवायचं आणि हवं ते अक्षर आलं की डोळे वर. एक वाक्य होईपर्यंत चहा गार व्हायचा.

तरी ताईंचा स्वभाव गेला नाही. एकदा करंटबाई आणि मावशी त्यांना पलंगावरून खुर्चीत बसवत होत्या. मावशीचा पाय चटईत अडकला आणि तिघी एकमेकींच्या अंगावर जमिनीवर आल्या. कुणाला लागलं नाही. ताई करंटबाईंच्या मांडीवर, मावशी खुर्चीला लटकलेली. आणि ताई हसायला लागल्या. थांबेनात. डोळ्यांतून पाणी, श्वास अडकतोय, तरी हसतच होत्या. तेव्हा त्यांना अजून थोडं बोलता येत होतं. डॉक्टरांनी सांगितलेलं होतं, की मेंदूतला हसण्या-रडण्याचा लगाम या आजारात सैल होतो, माणूस विनाकारण हसतं किंवा रडतं, मनाला घेऊ नका. करंटबाई घाबरून त्यांचं तोंड पुसत म्हणाल्या, ‘ताई, हे तुझं हसू आहे की आजाराचं?’

ताईंनी श्वास गोळा केला. म्हणाल्या, ‘मा… झं.’

मग मावशीही हसली, आणि करंटबाईही. खालच्या मजल्यावरची बाई काय झालं म्हणून वर आली, तर दारातून तिला जमिनीवर बसून हसणाऱ्या तीन बायका दिसल्या. ती परत गेली. करंटबाईंनी ही गोष्ट मला डबा खाताना सांगितली आणि त्या दिवशी डबा संपवला.

दुसरीही एक गोष्ट त्यांनी सांगितली, ती पुष्कळ नंतर. सुट्टीची दुपार होती. त्या आदल्या दिवशीपासून नीट टेकल्याही नव्हत्या. ताईंचे डोळे काहीतरी सांगत होते. ‘खाज?’ डोळे वर. करंटबाई म्हणाल्या, ‘थांब गं जरा, दोन मिनिटं.’ आणि पलंगाच्या कडेला डोकं टेकलं. जाग आली तेव्हा खिडकीतलं ऊन सरकून भिंतीवर गेलं होतं. ताई जाग्याच होत्या. त्यांच्याजवळ उशाशी एक घंटीचं बटण होतं, गालाने दाबता येईल असं. त्यांनी ते दाबलं नव्हतं.

‘वाजवायचं नाही का?’ करंटबाई म्हणाल्या. ‘कुठे? डोकं? कान?’

ताईंचे डोळे डावीकडे गेले. आता नाही. गेली ती.

‘ती एवढा वेळ खाज सोसत माझ्याकडे बघत पडून राहिली,’ करंटबाई मला म्हणाल्या, ‘आणि मी घोरत होते.’ मी म्हटलं, तुम्हाला झोपलेलं बघून त्यांना बरं वाटलं असेल. त्या म्हणाल्या, ‘तेच तर. तेच सहन होत नाही.’

मग छातीचे स्नायू थकले. श्वास हा असा निरोप आहे, की जो आपण पाठवतोय हेही आपल्याला माहीत नसतं. ताईंना आता तो मोजून घ्यावा लागायचा. आधी रात्री तोंडाला मुखवटा लावायचं यंत्र आलं, मग ते दिवसाही लागायला लागलं. डॉक्टर स्वतः तीन मजले चढून घरी आले. पलंगाजवळ खुर्ची ओढून बसले आणि ताईंशीच बोलले, बहिणीशी नाही. म्हणाले, पुढची पायरी म्हणजे गळ्याला छिद्र आणि कायमचं यंत्र. त्याने पुष्कळ दिवस काढता येतील. पण बाकीचं थांबणार नाही. तुम्हाला हवंय का?

ताईंचे डोळे डावीकडे.

डॉक्टरांनी पुन्हा विचारलं. पुन्हा डावीकडे. डॉक्टर गेल्यावर करंटबाईंनी विचारलं. त्या रडल्या, भांडल्या. म्हणाल्या, मला एकटीला ठेवून जायची घाई झाली आहे का तुला? ताईंनी डोळे मिटून घेतले, म्हणजे पुठ्ठा आण. करंटबाईंनी पुठ्ठा धरला, बोट फिरवलं. अक्षर, मग अक्षर. ‘पुरे’ झालं. करंटबाईंनी पुठ्ठा खाली ठेवायला घेतला तर ताई अजून बघतच होत्या. पुन्हा बोट. ‘दो’. ‘घीं’. ‘ना’.

पुरे दोघींना. त्यानंतर त्यांनी विचारलं नाही.

ताई एका सकाळी गेल्या, उजेड चांगला वर आला होता तेव्हा. मावशी त्या दिवशी पाळीच्या आधी डोकावायला आली होती, त्यामुळे दोघीही जवळ होत्या. डॉक्टरांनी धाप कमी वाटावी म्हणून औषध दिलं होतं, तगमग झाली नाही. करंटबाईंनी ताईंचा हात धरला होता. त्यांना ठाऊक होतं, की हा हात दाबून उत्तर देणार नाही, पण दाबलेलं सगळं त्याला कळतं. म्हणून त्या दाबत राहिल्या.

पंधरा-वीस दिवसांनी त्या कामावर आल्या. आधीसारख्याच. पंखा बंद, घमेल्यात कोमट पाणी, टक्, टक्. लोकांना वाटलं, बाई सावरल्या. मला वाटत होतं, अजून ती गोष्ट त्यांच्यापर्यंत पोहोचलीच नाही. माझं ते वाटणं बरोबर होतं की चूक, कुणास ठाऊक.

महिना-दोन महिन्यांनी व्हरांड्यातल्या बाकावर एक माणूस बसलेला होता. सुतारकाम करणारा, हातावर भुसा. त्याच्या बायकोची चाचणी झाली होती, डॉक्टरांचं सगळं सांगून झालं होतं, बायको औषधाच्या रांगेत होती आणि हा नुसता भिंतीकडे बघत होता. करंटबाई जेवायला निघाल्या होत्या. त्याच्यापुढून गेल्या, थांबल्या, परत आल्या आणि त्याच्या शेजारी बसल्या. मी दारात होतो. धीर धरा वगैरे त्या काही म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, ‘मनगटाखाली नेहमी मऊ उशी ठेवा. चादर ताणून घाला, चुणी ठेवू नका. मच्छरदाणी दिवसाही लावा, माश्यांसाठी. आणि सुरुवातीपासून दुसरं एखादं माणूस धरून ठेवा. एकट्याने करू नका.’ तो माणूस म्हणाला, ‘मी करीन एकटा.’ त्या म्हणाल्या, ‘मला माहीत आहे तुम्ही कराल. तरी धरा.’ मग उठून डबा खायला आल्या. त्यानंतर अशी माणसं बाकावर दिसली की त्या बसायच्या. इस्पितळाने त्या बसण्याला काहीतरी नाव देऊन रीतसर काम करायचं ठरवलं, तेव्हा त्यांनी नको म्हटलं.

पुढच्या हिवाळ्यात त्यांनी घर बदललं. तिसरा मजला सोडून शेजारच्या गल्लीत तळमजल्यावर एक खोली घेतली. बाहेर एवढंसं अंगण आणि नळ. सामान न्यायला मी आणि मावशी गेलो होतो. फार काही नव्हतं. एक पलंग, एक कपाट, भांड्यांची दोन खोकी. मावशी नळावर भांडी विसळायला बसली. मी कपाट भिंतीला लावलं, कुठे लावू म्हणून दोनदा विचारलं, तर ‘कुठेही’ म्हणाल्या. त्या पलंगावर बसल्या होत्या, अजून गादीवर चादर घातलेली नव्हती.

‘बसा दोघं,’ त्या म्हणाल्या. ‘चहा करते.’

पण उठल्या नाहीत. मी वळून पाहिलं तर त्या बसल्या बसल्याच भिंतीला टेकून झोपल्या होत्या, तोंड किंचित उघडं, हात मांडीवर पालथे. मावशी ओले हात पुसत आत आली, बघितलं, आणि मला खुणेने बाहेर काढलं. आम्ही दार नुसतं लोटून घेतलं. नळ थेंब थेंब गळत होता, तो मावशीने घट्ट केला आणि आम्ही निघालो.